डावी बाजू, पेन्सिल आणि तेच जाळं

पोरी, समुद्राला निघालीस, पण आधी पवनारच्या पुलाखाली चल. हिवाळ्यात धाम नदीला कमरेएवढंही पाणी नसतं, आणि बेट म्हणावं असं तिथं दोन-चार खडकांपलीकडे काही नाही. तरी चल. मालवणच्या दोन बेटांभोवतीचे मासे ताडून पाहायचे म्हणतेस ना, त्यातली सगळी गोम इथंच कळते. इथं चुकलीस तर बोटीचं भाडं बुडत नाही.

मी काही समुद्राचा माणूस नाही. वर्ध्याहून मुंबई रेल्वेनं साडेसातशे किलोमीटर, आणि आपलं पाणी तर त्या बाजूला वळतही नाही. बोर आणि धाम शेवटी वणेच्या पोटात जातात, वणा वर्धेला मिळते, वर्धा वैनगंगेला, मग प्राणहिता, मग गोदावरी, आणि सगळं बंगालच्या उपसागरात. गंमत म्हणजे वर्धा ज्या मुलताईच्या पठारावर उगम पावते, तिथंच तापीही जन्मते, आणि ती मात्र पश्चिमेला अरबी समुद्राकडे धावते. सख्ख्या शेजारणी, पण तोंडं उलट दिशेला. आपल्या नाल्यातला थेंब मालवणला पोचायचा म्हटला तर त्याला अख्ख्या द्वीपकल्पाला वळसा घालून जावं लागेल. मी तीसेक वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं, पोरांना घेऊन कोकणच्या सहली केल्या, तिथल्या मासळीच्या लिलावात तासन्‌तास उभा राहिलो. पण मासे कसे मोजायचे हे मला पुस्तकानं शिकवलं नाही. ते शिकवलं एका ढिवरबुवानं, आणि तेही माझी फजिती करून.

ती फजिती आधी ऐक. नोकरीला लागलो त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मी दोन तलावांतल्या माशांची तुलना करायला घेतली होती. एका तलावावर मासेमार सोसायटीची काढणी चालली होती, तिथल्या टांगत्या जाळ्यातून निघालं ते मी लिहून घेतलं. दुसऱ्या तलावावर हा ढिवरबुवा फेकजाळं टाकत होता, तिथलं त्याच्याकडून घेतलं. पहिल्यात मोजून सहा जाती, दुसऱ्यात तिप्पट. मी लगेच कारणं शोधायला बसलो. पहिल्यात गाळ जास्त असेल, खतं उतरत असतील, शेवाळ असेल. दहा पानं लिहून काढली. मोठ्या ऐटीत बुवाला वाचून दाखवायला गेलो, तर तो बिडी बाजूला ठेवून हसायला लागला. म्हणाला, “मास्तर, त्यायच्या जायाचा डोया केवढा, माह्या जायाचा केवढा? त्यायले किलोचा रोहू पायजे, मले भाजीपुरती बारीक मासोयी. बारीक मासोयी त्यायच्या जायात कायले थांबन?”

तलाव सारखेच होते. जाळी वेगळी होती. मी माशांची नाही, जाळ्यांच्या डोळ्यांची तुलना केली होती.

म्हणून पहिली गोष्ट ही गाठीला बांध: दोन्ही ठिकाणी जाळं तेच पाहिजे. तेच म्हणजे त्याच डोळ्याचं, त्याच लांबीचं, जमलं तर त्याच माणसाच्या हातून टाकलेलं. कोकणात फेकजाळ्याला पाग म्हणतात. पाग फेकणाऱ्या दोन माणसांच्या मनगटात किती फरक असतो ते किनाऱ्यावर दहा मिनिटं उभी राहिलीस की दिसेल, एकाचं जाळं ताटासारखं गोल पसरतं, दुसऱ्याचं दुमडून पडतं. तुझं काम बहुतेक पाण्याखाली बघून मोजण्याचं असेल. तिथं तुझे डोळे हेच जाळं. मग एका बेटावर तू आणि दुसऱ्या बेटावर तुझी मैत्रीण असं वाटून घेऊ नकोस. दोघींनी दोन्हीकडे उतरा, आणि कोणी काय पाहिलं हे वेगळं लिहा. ५० मीटर दोरी तळाशी सोडायची, दोरीच्या दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटर एवढ्याच पट्ट्यातलं मोजायचं, ही रीत जगभर वापरतात, तू शिकलीच असशील. त्यात मी एवढंच घालीन की दोरी सोडल्यावर पाच मिनिटं गप्प राहा. आपण उतरलो की मासे पांगतात. जाताना मोठे, पळणारे मोजून घे, कारण ते पुन्हा येणार नाहीत. येताना फटी-कपारीत डोकाव. आणि पट्ट्याबाहेर एखादा अजस्र गोबरा दिसला तरी त्याला आकड्यात ओढू नकोस. वहीच्या मागच्या पानावर लिही. मोह फार होतो, मला माहीत आहे.

किती वेळा मोजायचं, हा पुढचा प्रश्न. माझ्या पोरांना मी आलेख काढायला लावायचो, पण बुवाचा हिशेब त्याहून सोपा होता. पहिल्या फेकीत पाच नव्या जाती येतात, दुसऱ्या फेकीत तीन, मग एक, मग दोन फेकी कोरड्या, मग पुन्हा एक. नवं येणं थांबलं की जाळं वाळत घालायचं. दहा फेकीत जिथं नवं येणं थांबलं नाही तिथली यादी अपुरी समजायची, आणि अपुरी यादी पुऱ्या यादीशेजारी ठेवून ‘इकडे कमी, तिकडे जास्त’ असं कधी म्हणायचं नाही. एका बेटावर आठ वेळा उतरलीस आणि दुसऱ्यावर समुद्र खवळला म्हणून तीनदाच, तर तुलना करताना पहिल्या बेटाचेही तीनच उतार धर. बाकीचे पाच वाया जातील म्हणून जीव हळहळतो. हळहळू दे.

आणि वहीत ‘नाही’ हा शब्द लिहू नकोस. ‘दिसला नाही’ लिही. हे मला फार उशिरा सुचलं. धामेत अमुक मासा नाही असं मी एकदा छापील लिहून बसलो होतो. पुढच्या मृगात पहिला मोठा पाऊस झाला, नदी लाल झाली, आणि चढणीच्या माशांत तोच मासा ढिवराच्या टोपलीत. वर्षभर मी तिथं दिवसा, उन्हाळ्यात, उथळ पाण्यात गेलो होतो, आणि तो होता डोहात. समुद्रात तर कितीतरी मासे दिवसभर कपारीत झोपतात आणि रात्री चरायला निघतात. दिवसाच मोजलंस तर ते तुझ्या यादीपुरते अस्तित्वातच नाहीत. दगडाच्या रंगाचे, चार बोटांएवढे तळमासे तर उजेडातही दिसत नाहीत. जे दिसायला अवघड आहेत त्यांची वेगळी यादी ठेव आणि त्यांच्यावरून दोन बेटांत फरक काढायचा टाळ.

आता नावांचं. यात आपली वर्ध्याची माणसं हमखास फसतात. बाजारातून आजी वाम आणायची, आठवतं? नदीची वाम, सापासारखी लांब, पाठीवर बारीक काट्यांची रांग, साफ करताना बोटाला टोचायची. मालवणला कोळ्याला विचारशील तर तोही वाम दाखवेल. तीही लांब, तीही सापासारखी. पण तिच्या पाठीवर काट्यांची रांग नाही, जबडा लांब, त्यात दात. दोघींचा कुळाचा काही संबंध नाही, नुसता आकार सारखा म्हणून नाव सारखं. शिंगाळ्याचंही तेच. आपला शिंगाळा गोड्या पाण्याचा, मिशीवाला. कोकणातला शिंगाळा खाऱ्या पाण्यातला, त्यालाही मिशा, पण तो वेगळ्या घराण्यातला, आणि त्याचा नर अंडी तोंडात धरून सांभाळतो, तेवढे दिवस बिचारा उपाशी. याच्या उलटही होतं. जिला मुंबईकर सुरमई म्हणतात तिला मालवणात इसवण म्हणतील. मुंबईकडची मुशी दक्षिण कोकणात मोरी होते. म्हणजे एका नावाचे दोन मासे आणि एका माशाची दोन नावं, दोन्ही खड्डे एकाच वाटेवर. दोन बेटांवर दोन वेगळ्या गावांचे कोळी बरोबर घेतलेस तर तुझी यादी आपोआप लांबेल, आणि पाण्यात मासा एकही वाढलेला नसेल.

म्हणून स्थानिक नाव आधी लिही, ते सांगणाऱ्याच्या उच्चारात, गावाचं नाव घालून. शास्त्रीय नाव नंतर. माझ्यासारख्या मास्तरांनी आयुष्यभर याच्या उलट केलं. मासा हातात यायच्या आधीच लॅटिन नाव ओठावर, मग कोळी काय म्हणतो ते कानावरच पडत नाही. फ्रान्सिस डे नावाचा एक इंग्रज डॉक्टर होता, भारतातल्या माशांवरचा त्याचा ग्रंथ १८७५ ते १८७८ या काळात निघाला. आजही ओळख पटवताना त्याच्यापाशी यावं लागतं. त्यानं ठिकठिकाणची बोलीतली नावं टिपून ठेवली. दीडशे वर्षांपूर्वी तो तो मासा त्या त्या गावात माणसांना ओळखीचा होता, याचा तो पुरावाच झाला.

नाव झालं, तर रूप फसवतं. आपल्या मरळीची पिल्लं तू लहानपणी पाहिलीस, नारिंगी-लाल, पाण्यावर चेंडूसारखा घोळका करून फिरतात, आणि खाली बाप-आई पहारा देतात. त्यावेळी कुणी तुला सांगितलं असतं की ही शेवाळी काळ्या मरळीची लेकरं, तर तू मान हलवली नसतीस. बुवा त्या घोळक्यावर जाळं टाकत नसे. खडकांमधल्या माशांचं प्रकरण याहून पुढचं. गोबऱ्याच्या घराण्यात मासा आधी मादी असतो आणि मोठा झाल्यावर त्यातले काही नर होतात. पोपटमाशांत तर वय आणि लिंग बदललं की रंगच बदलतो, करडी-तपकिरी मादी पुढे निळा-हिरवा नर होते. जुन्या अभ्यासकांनी अशा एकाच जातीच्या दोन रूपांना दोन नावं देऊन ठेवली होती. तर एका बेटावर ‘करडा’ आणि दुसऱ्या बेटावर ‘निळा’ असे दोन दिसले तर उडी मारू नकोस. कदाचित मासा एकच, आणि एका बेटाभोवती मासेमारी जास्त म्हणून मोठे झालेले नर तिथं उरलेच नाहीत. ती गोष्ट जातींच्या यादीत मावत नाही, पण आकार लिहिलास तर सापडते. म्हणून प्रत्येक वेळी लांबी लिही. लांबी नाकाच्या टोकापासून शेपटीच्या बुंध्यापर्यंत मोज, शेपटीच्या टोकापर्यंत मोजू नकोस, कारण शेपटीचं टोक जाळ्यात फाटतं.

फोटो काढशील तो डाव्या कुशीचा. तोंड डावीकडे, पर पसरलेले, शेजारी पट्टी. सगळं जग डावी बाजू काढतं, म्हणून ताडून पाहता येतं. मारलेला मासा लगेच रंग सोडतो, म्हणून फोटो ओल्या माशाचा, सावलीत. नमुना ठेवायचाच असेल तर फॉर्मेलिन एक भाग, पाणी नऊ भाग. मासा वीतभर असेल तर उजव्या कुशीला पोटावर चीर, म्हणजे आतपर्यंत उतरेल आणि डावी बाजू अखंड राहील. पण त्याआधी पराचा एक तुकडा कापून कडक अल्कोहोलात वेगळा ठेव. हल्ली तुम्ही लोक डीएनए काढता ना, फॉर्मेलिननं तो नासतो. हातमोजे घाल, बंद खोलीत फॉर्मेलिन उघडू नकोस. माझे डोळे आजही त्या वासाच्या आठवणीनं चुरचुरतात.

चिठ्ठी बरणीच्या आत टाकायची. जाड कागदावर, पेन्सिलीनं. पेनाची शाई अल्कोहोलात विरघळते, वरून चिकटवलेली चिठ्ठी दमटपणात गळून पडते, आणि मग कोणता मासा कोणत्या बेटाचा हे फक्त देवाला ठाऊक. हसू नकोस, या चुकीत तुझ्याआधी फार थोर माणूस सापडला आहे. १८३५ साली डार्विन गॅलापागोसच्या बेटांवर पाच आठवडे होता. तिथल्या अधिकाऱ्यानं त्याला सांगितलं की कासव पाहून मी त्याचं बेट ओळखतो. डार्विननं ते त्यावेळी फारसं मनावर घेतलं नाही. छोट्या पाखरांचे नमुने त्यानं बेटाबेटानुसार नीट वेगळे ठेवलेच नव्हते. इंग्लंडला परतल्यावर त्यांचं महत्त्व उमगलं, तेव्हा त्याला जहाजावरच्या कप्तानाच्या आणि इतर सोबत्यांच्या संग्रहातली पाखरं पाहावी लागली, कारण त्यांनी बेटाचं नाव लिहून ठेवलं होतं. शेजारची बेटं सारखीच असणार हे त्यानं गृहीत धरलं होतं. म्हणून म्हणतो, दोन पेन्सिली घे, एक हरवतेच.

समुद्राची एक गोष्ट धामेकाठी शिकता येत नाही, ती भरती-ओहोटीची. ती मी कोकणात शिकलो, एका घरमालकिणीकडून. तिथं जुन्या माणसांचा ढोबळ हिशेब असा: तिथीला पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. रोज दोन घटका पुढे सरकते, आणि दोन घटका म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं. गावागावाला थोडा फरक पडतो, छापील वेळापत्रक बरोबर ठेवच. पण यातून तुझ्या कामाचं काय निघतं ते बघ. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, पाणी जोरात ओढतं, गाळ उठतो. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी शांत. एक बेट उधाणाला आणि दुसरं भांगाला मोजलंस तर तू बेटं मोजली नाहीस, चंद्र मोजला. तारीख धरून चालू नकोस, तिथी धरून चाल. या पक्षात तृतीयेला पहिलं बेट आणि चतुर्थीला दुसरं केलंस, तर पुढच्या पक्षात क्रम उलटा कर. म्हणजे दिवसाचा उजेड, ओढ, तुझा स्वतःचा थकवा, सगळं दोन्हीकडे सारखं वाटलं जाईल. कॉलेजात याला मोठी नावं आहेत. मला घरमालकिणीच्या चुलीपुढं कळलं.

तू निवडलेली जागा मला आवडली. सिंधुदुर्ग किल्ला ज्यावर उभा आहे ते कुरटे बेट, शेजारी पद्मगडाचा खडक, आणि दक्षिणेला खूप आत वेंगुर्ला रॉक्स, जिथं दीपगृह आहे आणि कपारीत पाकोळ्यांच्या वसाहती. १९८७ पासून मालवणचा २९.१२ चौरस किलोमीटरचा पट्टा सागरी अभयारण्य आहे. तिथल्या खडकांवर प्रवाळ आहेत. पण एक सांगतो. कुरटे आणि वेंगुर्ल्याचे खडक ‘दोन बेटं’ म्हणून शेजारी मांडशील तेव्हा त्यांच्यात एकच फरक आहे असं समजू नकोस. कुरटे किनाऱ्याला लागून, वर्दळीच्या बंदराशेजारी, रोज पर्यटकांच्या होड्या. कर्ली नदी देवबागला समुद्रात उतरते, पावसाळ्यात गाळ आणि गोडं पाणी घेऊन. वेंगुर्ल्याचे खडक आत, पाणी खोल आणि निवळ. मासे वेगळे निघाले तर ते बेट वेगळं म्हणून, की नदी जवळ म्हणून, की खोली वेगळी म्हणून, की एका ठिकाणी मासेमारी सोपी म्हणून? एका तुलनेत चार प्रश्न गुंतलेत. जमलं तर तिसरी जागा घे, किनाऱ्याजवळची पण बेट नसलेली, नुसता खडक. मग निदान एक धागा सुटा होईल. नाहीच जमलं तर प्रबंधात तसं सरळ लिही. परीक्षक चिडत नाहीत, उलट खूश होतात. काही चिडतात, पण ते कशानंही चिडतात.

आपल्याकडे हाच गुंता माणसानं घातलेला आहे. बोरचं धरण १९६५ चं, महाकाळीचं धामेवरचं त्यानंतरचं. भिंती पडल्या तेव्हापासून खालचा मासा वर चढू शकत नाही, म्हणजे आम्ही कोरड्या जमिनीत पाण्याची बेटंच तयार केली. मॅकआर्थर आणि विल्सन यांनी १९६७ साली बेटांवरच्या जीवसृष्टीचा जो सिद्धांत मांडला, त्यात बेट जितकं मोठं आणि मुख्य भूमीला जितकं जवळ, तितक्या जाती जास्त. तळ्यांनाही तो लावून पाहतात. पण बोर आणि धाम ताडायला गेलीस तर दोन्हीकडे कटला, रोहू, मृगळ सापडतील आणि वाटेल, वा, किती सारखी पाण्यं! ते सारखेपण पिशवीतून आलंय. बीज आणून सोडलेलं. १९५७ साली हिरालाल चौधरी यांनी ओडिशात इंजेक्शन देऊन कार्प माशांची पैदास करून दाखवली, १० जुलैचा मत्स्यशेतकरी दिन त्याच्याच आठवणीचा, आणि तेव्हापासून तळ्यातळ्यांत तेच बीज. शिवाय १९५२ ला भारतात आणलेली तिलापिया, जिला आपले लोक चिलापी म्हणतात, कुणी न सोडताही पसरते. परदेशी मांगूर केंद्र सरकारनं २००० साली बंद केला तरी कुठंकुठं निघतो. म्हणून माझ्या वहीत ‘सोडलेले’ आणि ‘मूळचे’ असे दोन रकाने असायचे. पहिला रकाना झाकला की दोन पाण्यांतला खरा फरक उघडा पडायचा, आणि तो बहुधा बोटभर माशांत असायचा, ज्यांना बाजारात भाव नाही.

बाजारावरून आठवलं. मासळी बाजार हा पाण्याचा आरसा धरू नकोस. आपल्या गोल बाजारात थर्माकोलच्या खोक्यातून बर्फात येणारा रोहू बहुतेक आंध्रातला. धामेत काय आहे याचा त्यावरून काहीच पत्ता लागत नाही. मालवणच्या संध्याकाळच्या लिलावातही हीच मेख. होडी किनाऱ्याला लागली म्हणजे मासा समोरच्या बेटापाशीच सापडला असं नाही. ‘खंयच्या पाण्यातली?’ एवढं विचारायला लाजू नकोस. किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढताना मात्र हात लाव आणि बघ, त्यातली मासळी समोरच्याच पाण्याची असते, आणि टाकून दिलेल्या कचऱ्यात तुझे निम्मे मासे असतील. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते, त्या काळात बाजारात दिसेल ते बहुतेक खाडीचं किंवा बाहेरचं.

दूरवरच्या शेजाराचीही एक गोष्ट सांगून ठेवतो, तुझ्या कामाची नसली तरी. आपल्या आर्वी-कारंजाकडचे डोंगर सातपुड्याचेच फाटे. १९४० च्या दशकात सुंदरलाल होरा यांनी एक कल्पना मांडली: मलायाकडच्या डोंगरी ओढ्यांतल्या माशांचे नातलग सह्याद्रीत कसे पोचले, तर विंध्य-सातपुड्याच्या रांगेवरून ओढ्याओढ्यांतून चालत. पुढे त्यावर बरेच वाद झाले, अजून होतात. मला वाद कळत नाहीत इतके, पण आर्वीकडच्या एखाद्या नाल्यात दगडाला चिकटून राहिलेला करंगळीएवढा मासा पाहिला की होरांचीच आठवण येते.

शेवटी आकडे. तुला विचारतील, दोन बेटं किती टक्के सारखी? समज एकीकडे ३० जाती, दुसरीकडे २०, दोन्हीकडे मिळून १५ सामायिक. सोरेन्सनच्या रीतीनं सामायिकाची दुप्पट भागिले दोन्हींची बेरीज, ३० भागिले ५०, म्हणजे ०.६. जकार्डच्या रीतीनं सामायिक भागिले एकूण वेगवेगळ्या जाती, १५ भागिले ३५, म्हणजे ०.४३. मासे तेच, समुद्र तोच, आणि एक आकडा म्हणतो बरीच सारखी, दुसरा म्हणतो निम्मीही नाहीत. कोणती रीत वापरलीस ते लिही, आणि आकडा आवडला नाही म्हणून रीत बदलू नकोस. माझ्या एका विद्यार्थ्यानं बदलली होती. मला कळलं, पण मी गप्प बसलो, त्याचं वाईट वाटतं.

वनखात्याची परवानगी हातात येईपर्यंत पाण्यात उतरू नकोस. इकडे बोरला २०१४ पासून व्याघ्र प्रकल्प झाला, तिथं जाळं काय, पायही विनापरवाना टाकता येत नाही. तिकडे प्रवाळ आणि समुद्रघोडे २००१ पासून कायद्यानं जपलेले आहेत, तुटलेला तुकडासुद्धा पिशवीत टाकू नकोस. कोळ्याच्या होडीत चप्पल घालून चढू नकोस. तो भाडं घेणार नाही म्हणाला तर डिझेलचे पैसे दे.

चल, ऊन चढायच्या आत दहा फेकी होतील. बुवा नाही आता, पण त्याचा नातू आहे, जाळं तेच आहे. पाच फेकी पुलाच्या वरच्या अंगाला, पाच खालच्या, आणि उद्या उलट क्रमानं. मी काठावर बसून लिहितो, तू मोज. आणि तिकडे मालवणला वाम मिळाली की पाठीवर काटे आहेत का ते बघ, आणि मला फोटो पाठव. डाव्या कुशीचा.